पट्टीचं शेवटचं टोक

मी आयुष्यात बऱ्याच वस्तू फोडल्या, पण माणसाच्या कानाखाली एकदाच आवाज काढला. तोही पत्र्याच्या तीन इंची टोकासाठी. रायपूरजवळच्या उरला या औद्योगिक भागातल्या एका लहानशा कारखान्यात मी सुपरवायझर होतो आणि तो प्रेस चालवायचा. वयाने माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, बीरगांवात राहणारा, छत्तीसगढी बोलणारा माणूस. मारल्यावर त्याने गालाला हातसुद्धा लावला नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढची पट्टी उचलली. मला वाटलं, चला, शिकला धडा. आज हे लिहिताना माझाच तळहात झोंबतो आहे, आणि झोंबायलाच पाहिजे.

हा राग मी घरातून आणला होता. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि रायपूरलाच राहिले. आमच्या घरात काही फेकलं जात नसे, आणि वाईट बनवलेली वस्तू टिकू दिली जात नसे. फेकण्याजोगं जे असेल त्याचे खिळे सरळ करून डब्यात, तारा गुंडाळून खुंटीला, रबराच्या चकत्या कापून नळाला. मात्र बाजारातून आणलेली एखादी वस्तू बेइमान निघाली, की अंगणात तिचा खटला चालायचा. न्यायाधीश बाबा, शिक्षा घणाची.

एकदा आईच्या हातातल्या नव्या सांडशीचा मधला रिव्हेट सुटला आणि उकळतं दूध तिच्या पायावर सांडलं. दुधावरची साय निघावी तशी पायाची कातडी निघाली. बाबांनी आधी पायावर पाणी ओतलं, डॉक्टरकडे नेलं, आणलं. मग सांडशी अंगणातल्या दगडावर ठेवून घणाने ठेचायला सुरुवात केली. प्रत्येक घावाबरोबर ओरडत होते, "मले सांग, हे बनवणाऱ्याच्या घरी बाई नाही काय? त्याले लाज काहून नाही वाटली?" शेजारचे लोक कुंपणावरून बघत होते. सांडशीचा पार चोथा झाला. तो चोथासुद्धा त्यांनी भंगारात दिला नाही, त्यातून दोन वॉशर काढले.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेन. मला तो घण आवडला, ते वॉशर आवडले. आईच्या पायाकडे माझं फारसं लक्ष गेलं नाही. त्या दिवशी मी निम्माच धडा उचलला आणि पुढची वीस वर्षं तोच मिरवत फिरलो.

चांगल्या वस्तूवर बाबांचा जीव होता, हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर ते नुसते तोडफोड करणारे वाटतील. छत्तीसगढचं नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि शहर आपल्याच अंगावर तुटून पडलं. रस्ते रुंद करायला बुलडोझर आले. घरांची तोंडं उभी कापली गेली. अर्ध्या खोल्या उघड्या पडल्या, आणि त्यांच्या भिंतींवर कोणाचं कॅलेंडर, कोणाचा आरसा तसाच लटकत राहिला. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. ते मला स्कूटरवर बसवून मलब्यात जुन्या बिजागऱ्या शोधायला न्यायचे. जुन्या सागवानी दारांच्या, हाताने घडवलेल्या, बोटाइतक्या जाड. घासलेट लावून, घासून ते त्या उघडून मिटून दाखवायचे. "पाह्य, एका बोटानं ढकललं का जाते. सोडलं का थांबते. आवाज नाही, खडखड नाही. बनवणारा मरून गेला असन, पण त्याचं डोकं हाय हिच्यात."

अशाच एका ठिकाणी ठेकेदाराचा माणूस एका अख्ख्या दारावर कुऱ्हाड चालवत होता, जळणासाठी. बाबांनी त्याच्या हातातून कुऱ्हाड हिसकली. मग जे झालं ते बघण्यासारखं नव्हतं. साठीचा माणूस आणि चार मजूर. मी मध्ये पडलो तर माझ्या पाठीत फळी बसली. बाबा फुटलेला ओठ आणि दोन बिजागऱ्या घेऊन घरी आले. आईने ओठाला हळद लावली आणि दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

पॉलिटेक्निक करून मला नोकरी लागली ती योगायोगाने बिजागऱ्यांच्याच कारखान्यात. शेठ म्हणायचे, राजधानी म्हणजे काय, तर दारं. ऑफिसांना दारं, क्वार्टरांना दारं, नव्या कॉलन्यांमध्ये संडासालाही दार. आणि दार म्हटलं की कब्जा. तिकडे बिजागरीला सगळे कब्जाच म्हणतात. आमच्या शेडमध्ये पाच प्रेस होत्या. आवाज असा की जेवणाच्या सुट्टीतही माणसं ओरडूनच बोलत. उन्हाळ्यात वरचा पत्रा तापायचा, खालून मशीन तापायच्या, आणि बाहेरच्या रोलिंग मिलांची काळी धूळ घामावर बसून अंगाचा सॅंडपेपर व्हायचा. तिथे कोणी कोणाशी नीट बोलत नसे. शेठ माझ्यावर, मी ऑपरेटरांवर, ऑपरेटर मशीनवर. मशीनला शिव्या देत तिच्यावर लाथ मारणं हे तर काम सुरू करण्याचाच भाग होता.

आता ती प्रेस नीट समजून घ्यावी लागेल. लोखंडी पट्टी हाताने पुढे सरकवायची, पायाखालचं पायडल दाबायचं, वरून पंच, म्हणजे कापणारा पोलादी ठोकळा, खाली येतो आणि बिजागरीचं एक पान कापून ट्रेमध्ये पडतं. पुन्हा सरकवा, पुन्हा दाबा. पंचाच्या समोर लोखंडी पट्ट्यांची एक जाळी बसवलेली होती. जाळीला खाली एक फट होती. त्यातून पट्टी आत जायची, बोटं जात नसत. त्यामुळे पट्टी संपत आली की हात जाळीपाशी अडायचा आणि जाळी ते पंच यांच्यातलं शेवटचं टोक न कापताच राहायचं. पुढची पट्टी त्याला मागे ढकलून देई. अशा टोकांचा ढीग दर पाळीला मशीनमागे जमायचा.

तो ढीग पाहून माझ्या डोक्यात घण पडायला लागले. प्रत्येक टोकात एक अख्खं पान होतं. चांगलं, सरळ, नवंकोरं लोखंड, आणि ते आम्ही भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये फावड्याने भरत होतो. मी एकेक टोक हातात घेऊन बघायचो आणि मला शरम वाटायची. मी बाबांचा मुलगा होतो ना.

मी शेठना म्हटलं, जाळी काढली तर हे टोक वाया जाणार नाही. शेवटच्या वेळी ते चिमट्याने धरायचं, की झालं. शेठच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच माझ्याबद्दल काही कौतुक दिसलं. "दिमाग है भैया तुम्हारा," ते म्हणाले. पाचही प्रेसच्या जाळ्यांचे चार-चार बोल्ट मी स्वतः काढले.

पहिल्या प्रेसवर तो बीरगांवचा माणूस होता. त्याने मान तिरकी करून उघड्या पंचाकडे पाहिलं आणि म्हणाला, "जाली निकाल देबो त हाथ कहाँ रखबो साहब?"

"चिमटा देतो," मी म्हटलं. "बनवून राहिलो. तोवर जरा संभाळून धर."

तो मान हलवून कामाला लागला, पण टोकं येतच राहिली. शेवटचा तुकडा तो हातात धरतच नव्हता. पट्टी आखूड झाली की तो ती बाजूला टाकायचा आणि नवी घ्यायचा. जाळी नसतानाही त्याचा हात जुन्याच जागी थांबत होता. मी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्याने माझ्या डोळ्यांसमोर तीन इंची टोक मागे भिरकावलं. माझं डोकं फिरलं. मी त्याला कॉलर धरून वळवलं आणि कानाखाली दिली. बाकीच्या चारही प्रेस एकदम थांबल्या. त्या शेडमध्ये इतकी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. मी ओरडलो, "लोहा है यह! कचरा नहीं है!"

त्या दिवसापासून तो शेवटचा तुकडा बोटांनी धरायला लागला. बाकीचेही धरायला लागले. मशीनमागचा ढीग आटला.

आणि चिमटा? तो माझ्या वहीत होता. आज मला सगळ्यांत जास्त किळस या गोष्टीची येते. मला कसाबसा चिमटा नको होता. मला असा हवा होता की बघणाऱ्याने वाहवा म्हणावं. टोक पकडणारा जबडा पट्टीच्या जाडीचा, मागे स्प्रिंगसारखा ताण, तळहातात बसणारी गोलाई. शिवाय हट्ट असा की तो नव्या लोखंडाचा नको, वाया जाणाऱ्या टोकांमधूनच बनला पाहिजे. टोकं मऊ होती, वाकून तशीच राहायची, ताण धरत नसत. मी पुन्हा काढायचो, पुन्हा खोडायचो. जेवणाच्या सुट्टीत डबा खाताना काढायचो, घरी आल्यावर काढायचो. एक पान फाडलं की त्याच्या मागच्या बाजूला नवं चित्र, कारण कागदही वाया घालवायचा नाही. तीन आठवडे मी चिमट्याची चित्रं काढली आणि तीन आठवडे पाच माणसं पंचाखाली बोटं घालत होती. मी शेडमध्ये त्यांच्यामधून फिरायचो, तेव्हा ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. मनात म्हणायचो, चिमटा जवळजवळ झालाच आहे.

घरी मी बाबांना भंगार किती कमी झालं आणि शेवटच्या तुकड्यासाठी कसला चिमटा बनवतो आहे ते फुशारकीने सांगितलं होतं. जाळीचं सांगितलं नव्हतं. का नाही सांगितलं, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या तिसऱ्या आठवड्यात एके दिवशी जेवणाची सुट्टी संपून अर्धा-पाऊण तास झाला असेल. मी त्याच्याच प्रेसजवळ उभा होतो. जुन्या प्रेसला एक रोग असतो. क्लचची पिन झिजली की पायडल एकदा दाबलं तरी पंच दोनदा येतो. त्याने शेवटचा तुकडा धरला, दाबलं, पंच आला, कापलं, वर गेला. त्याचा हात बाहेर निघत होता, तेवढ्यात पंच आपणहून पुन्हा खाली आला.

तो किंचाळला नाही. नेहमीच्या धाड आवाजात एक ओला आवाज मिसळला, एवढंच. मशीन थांबली. त्याने हात बाहेर काढला तेव्हा त्याला चार बोटं नव्हती. अंगठा होता आणि तो हलत होता. रक्त आधी आलंच नाही, मग एकदम आलं. मशीनवर, पट्ट्यांवर, माझ्या शर्टावर. मी मशीन पुसायच्या चिंध्यांचा बोळा त्याच्या हातावर दाबला. त्यातलं ऑइल आणि रक्त माझ्या कोपरापर्यंत वाहत आलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता आणि "पायडल, पायडल" म्हणत होता. मी पायडल दोनदा दाबलं नाही, असं त्याला मला सांगायचं होतं. त्या अवस्थेतही त्याला भीती होती की मी त्याची चूक काढीन.

मग बाकीचे आले. दुसऱ्या प्रेसवाल्याने हातात होती तीच पट्टी माझ्या तोंडावर मारली. भुवई फाटली. मी खाली पडलो, तर लाथा बसल्या, बरगड्यांत, पाठीत. मला मारणाऱ्यांपैकी कोणावरही माझा राग नव्हता आणि नाही. शेठ केबिनमधून धावत आले ते आधी मेन स्विच बंद करायला, आणि मग ओरडायला. स्वतःची गाडी त्यांनी दिली नाही. सीट खराब होतील म्हणाले नाहीत, पण सीटकडे बघितलं. त्याला माल नेणाऱ्या टेम्पोत, बिजागऱ्यांच्या पेट्यांवर बसवून नेलं.

टेम्पो गेटबाहेर पडल्यावर शेठ माझ्याजवळ आले. आवाज एकदम मऊ झालेला. "कल साहब लोग आएंगे जाँच को. जाली लगा दो."

एरवी गळक्या बादलीवर चवताळणाऱ्या मी त्या क्षणी काय केलं? पाना घेतला. रक्त घासलेटने पुसलं. कोपऱ्यात पडलेल्या पाचही जाळ्या आणून त्यांचे चार-चार बोल्ट आवळले. शेठने एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की ऑपरेटरने वेळ वाचवण्यासाठी स्वतःच्या मर्जीने जाळी काढली, सुपरवायझरने त्याला अनेकदा बजावलं होतं. याचा अर्थ मला पुरता कळत होता. चूक त्याची ठरली, की त्याला भरपाई नाही आणि नोकरीही नाही. उजवा हात गेलेला प्रेस ऑपरेटर बीरगांवात काय करणार होता? मी सही केली. भुवईतलं रक्त कागदावर पडू नये म्हणून रुमाल धरून केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी अधिकारी आला. वयस्क, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्याने माझा कागद वाचला, खिशात ठेवला आणि जाळीसमोर उकिडवा बसला. बराच वेळ तिला हात लावून बघत राहिला. मग म्हणाला, "जाली तो बहुत बढ़िया बनी है. किसने बनाई?"

कोणालाच माहीत नव्हतं. फार आधीचा कोणी मिस्त्री असेल, म्हणाले.

त्याने आपली बोटं फटीत घालून दाखवली. पेरापर्यंत गेली आणि अडली. पंच तिथून तीन इंच लांब होता. मीही वाकलो, आणि त्या कारखान्यात आल्यापासून पहिल्यांदा मी ती जाळी नीट पाहिली. फटीच्या दोन्ही कडा आत वळवलेल्या होत्या, हाताला ओरखडा येऊ नये म्हणून. कोपरे कानसेने गोल केलेले. पट्ट्या अशा तिरक्या जोडलेल्या, की बसल्या जागेवरून पंचाखालचा साचा पूर्ण दिसावा आणि माणसाला मान आत घालावी लागू नये. ते तीन इंच कोणीतरी मोजून ठेवले होते, लांबच्या लांब बोटाचा विचार करून. आणि मी त्यांना वाया म्हणत होतो. बाबा मलब्यातल्या बिजागरीत जे शोधायचे ते माझ्या समोर चार बोल्टांवर बसलेलं होतं, आणि मीच ते काढून कोपऱ्यात फेकलं होतं.  तरीही मी तेव्हा अधिकाऱ्याला काही बोललो नाही.

आदल्या रात्री भुवईला टाके घालून घेऊन मी कारखान्यातच झोपलो होतो; आज संध्याकाळी घरी गेलो. बाबांनी भुवईची पट्टी पाहिली. कारखान्यात हात गेल्याचं त्यांना आधीच कळलं होतं, अशा बातम्या आमच्या भागात भराभर पोचत.

"शेवटचा तुकडा तो कायनं धरत होता?" त्यांनी विचारलं.

"बोटांनी."

"अन् चिमटा? मोठा सांगून राहिला होता ना तू चिमट्याचं."

मी वही दिली. त्यांनी एकेक पान उलटलं. घाई न करता, मागचं-पुढचं बघत. मग वही खाली ठेवून ते अंगणात गेले. जुन्या पेटीची पोलादी पट्टी काढली, ऐरणीवर ठेवून वाकवली, टोकं चेपली, एक खिळा आरपार ठोकून दुमडला. मी दारात उभा राहून बघत होतो. भाताला एक उकळी येईपर्यंत चिमटा तयार झाला. वाकडा, ओबडधोबड, एका बाजूने काळा. त्यांनी तो माझ्या अंगावर फेकला. छातीच्या हाडावर लागला.

"घे! तुह्या चित्रापेक्षा घाण हाय. पण माणसाच्या हातात हाय!"

मी तो उचलायला वाकलो, तर त्यांचा प्रश्न आला. "जाळी कोनं काढली?"

"मी."

"कागदावर काय लिवलं?"

मी सांगितलं. त्यांनी पायातली चप्पल काढली. लहानपणीसुद्धा त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. त्यांचा सगळा राग वस्तूंवर जायचा. त्या संध्याकाळी त्यांनी मला डोक्यावर, तोंडावर, फुटलेल्या भुवईवर मारलं, टाके उसवले तरी मारलं. मारताना रडत होते आणि मला शिव्या देत होते. आई चुलीजवळ बसून होती, ती उठली नाही. शेवटी दमले तेव्हा पायरीवर बसले आणि म्हणाले, "त्या सांडशीले मी काहून ठेचलं होतं रे? लोखंडासाठी? तुह्या मायच्या पायासाठी ठेचलं होतं, गधड्या."

दुसऱ्या दिवशी मी त्या अधिकाऱ्याच्या ऑफिसात गेलो आणि सगळं माझ्या हाताने लिहून दिलं. जाळी मी काढली, चिमटा दिला नाही, टोक फेकलं म्हणून त्याला मारलं, अपघातानंतर जाळी परत मी लावली, आधीचा कागद खोटा आहे. अधिकाऱ्याने दोनदा वाचलं. "तुम पर भी बात आएगी," तो म्हणाला. मी म्हटलं, येऊ द्या. त्याने शिक्का मारून एक प्रत माझ्या हातात दिली.

शेठपर्यंत बातमी माझ्याआधी पोचली. भनपुरीजवळ, उभ्या ट्रकांच्या मध्ये, मोटारसायकलवरच्या तिघांनी मला स्कूटरवरून खेचलं. सायकलची चेन होती त्यांच्याकडे. मी हात उचलला नाही असं म्हणणं खोटं होईल. उचलला, चांगला दोघांना चावलोसुद्धा. पण शेवटी ट्रकच्या चाकाला टेकून बसलो आणि त्यांनी मनसोक्त मारून घेतलं. स्कूटरचा दिवा, आरसा, सगळं फोडलं. एक दात गेला. ती प्रत माझ्या बनियनच्या आत होती, तिला काही झालं नाही.

नोकरी गेली हे वेगळं सांगायला नको. माझ्यावर चौकशी झाली, ती व्हायलाच हवी होती. पुढे बऱ्याच हेलपाट्यांनंतर निकाल त्याच्या बाजूने लागला.

पण मला सांगायचं आहे ते त्या माराच्या चौथ्या दिवसाचं. तो हॉस्पिटलमधून घरी आला आहे असं कळलं आणि मी बीरगांवला गेलो. खरं सांगतो, मी ताठ मानेने गेलो. चेहरा सुजलेला, एक दात गेलेला, खिशात शिक्क्याची प्रत. वाटत होतं, चूक केली, पण तिची किंमत आता मोजून झाली.

त्यांच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गल्ली अरुंद, एका बाजूने उघडी नाली. तो दारातल्या खाटेवर बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. त्याच्या बायकोने मला स्टूल दिलं आणि पाणी दिलं. मी कोण, हे तिला माहीत होतं. तरीही दिलं. मी प्रत काढून वाचून दाखवली, हिंदीत, हळूहळू. माफी मागितली. त्याने सगळं ऐकलं.

"हव," तो म्हणाला. बस, एवढाच होकार.

मी वाट बघत बसलो. त्याने शिवी द्यावी, किंवा बरं झालं म्हणावं, काहीतरी म्हणावं. मग त्याने विचारलं, "साहब, ओ आखरी वाला कब्जा बने निकले रिहिस का?"

शेवटचं पान नीट निघालं होतं का, असं तो मला विचारत होता. इतकी वर्षं त्याने पीस खराब होऊ दिला नव्हता, शेडमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या चेहऱ्यावर टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी लगेच म्हणालो, "हव. एकदम साफ निकला था. किनारा भी साफ."

त्याने समाधानाने डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं.

त्याची बायको दाराच्या चौकटीत उभी होती. ती म्हणाली, "तुमन ला कइसे पता?"

मला आधी कळलंच नाही ती काय विचारते आहे. मग कळलं. तिच्या नवऱ्याचा हात पंचाखालून बाहेर येत होता, सगळी शेड त्याच्याकडे धावत होती. तेव्हा मला ते पान साफ निघाल्याचं, त्याची कडासुद्धा साफ असल्याचं कसं ठाऊक? खोटं सांगायला जागा होती. नंतर पाहिलं, असं म्हणता आलं असतं. पण ती माझ्या तोंडाकडेच बघत होती, आणि खोटं बोलून बोलून मी थकलो होतो.

"मशीन रुकी, तो मैंने पहले ट्रे देखी," मी म्हणालो.

"पहले ट्रे?"

"हव."

"ओखर बाद हाथ?"

"हव."

 ती पुढे आली, माझ्या हातातला गिलास काढून घेतला आणि उरलेलं पाणी नालीत ओतलं. नवऱ्याने डोळे उघडले नव्हते. "अब जाव, साहब," ती म्हणाली, आणि मी उठून निघालो.